नवजात बाळाला एचआयव्हीपासून वाचवणारी प्रतिपिंडे: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

आईला एचआयव्हीची लागण असेल आणि काहीच उपाय केले नाहीत, तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना विषाणू लागतो. आईला वेळेत औषधे मिळाली आणि बाळालाही जन्मताच प्रतिबंधक औषध मिळाले, तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येते. चांगल्या व्यवस्थेत १ टक्क्याच्या आसपासही राहते. हा मार्ग १९९४ साली खुला झाला. त्या वर्षीच्या चाचणीत झिडोव्हुडीन या एकाच औषधाने लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आणले होते. तरीही २०२३ मध्ये जगभरात सुमारे १ लाख २० हजार मुलांना नव्याने लागण झाली. यातली पुष्कळशी मुले अशा आयांची, ज्यांची लागण प्रसूतीच्या वेळीच कळली, ज्यांच्या गोळ्या मध्येच तुटल्या, किंवा ज्यांना बाळ अंगावर पीत असतानाच नव्याने लागण झाली. प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडीचा, विचार सुरू होतो तो या बाळांसाठी.

हा लेख संशोधन चमूत नव्याने दाखल होणारे निवासी डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि विद्यार्थी यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. नवजात बाळाला एचआयव्ही होऊ नये यासाठी कोणतेही प्रतिपिंड अजून नेहमीच्या वापरासाठी मंजूर झालेले नाही. ते मंजूर चाचणीच्या आराखड्यातच, म्हणजे प्रोटोकॉलमध्येच, दिले जाते, आणि ते औषधांच्या जोडीला दिले जाते. प्रतिपिंड दिले म्हणून बाळाचे नेव्हिरापिन किंवा झिडोव्हुडीन थांबवायचे नसते, आणि आईच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. आईच्या रक्तातला विषाणू दाबून ठेवणे हाच बाळाचा सर्वांत मोठा बचाव आहे.

पायरी १: विषाणू कोणत्या वाटेने आणि केव्हा येतो ते ओळखा

वाटा तीन. काही बाळांना गर्भातच, वारेतून लागण होते, बहुधा गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. काहींना प्रसूतीच्या वेळी, आईचे रक्त आणि योनीमार्गातले स्राव तोंडात-डोळ्यांत गेल्याने. उरलेल्यांना दुधातून, आणि ही जोखीम दूध चालू असेपर्यंत रोज असते.

प्रतिपिंडाचा उपयोग कुठे होईल हे यावरूनच ठरते. गर्भातच लागण झालेले बाळ जन्मते तेव्हा विषाणूने त्याच्या पेशींच्या जनुकांत घर केलेले असते. अशा बाळाला प्रतिबंध नको, उपचार हवेत, तेही ताबडतोब. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत, लागण झालेल्या तान्ह्या बाळांना वाट न पाहता लगेच औषधे सुरू केल्याने मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले होते. प्रसूतीवेळी विषाणू अंगावर आलेल्या बाळासाठी प्रतिपिंड पहिल्या काही तासांत पोहोचायला हवे. आणि अंगावर पिणाऱ्या बाळासाठी त्याची पातळी महिनोन्‌महिने टिकायला हवी. या तिघांची गरज वेगवेगळी आहे. आराखडा वाचताना तो यातल्या कोणासाठी आहे हे आधी शोधा.

पायरी २: प्रतिपिंड निवडणे

आईची आयजीजी प्रकारची (रक्तात सर्वाधिक असणारी) प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे येतातच, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. मग वेगळे द्यायचे कशाला? कारण आईच्या शरीरात विषाणू तिच्याच प्रतिपिंडांना चुकवत बदलत गेलेला असतो, आणि बाळाकडे जाणारा विषाणू पुष्कळदा तिच्या प्रतिपिंडांना दाद न देणारा असतो. नुसती एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडे गोळा करून देण्याचा प्रयत्न झालेला आहे. लागण झालेल्या दात्यांच्या रक्तातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन युगांडात आया आणि बाळांना देऊन पाहिले गेले. औषधाहून जास्त फायदा दिसला नाही.

फरक पडला तो व्यापक निष्प्रभक प्रतिपिंडांनी. एचआयव्हीच्या बाह्य आवरणावर काही जागा अशा आहेत ज्या विषाणूला बदलणे अवघड जाते. त्या जागा पकडणारी प्रतिपिंडे मोजक्या रुग्णांच्या शरीरात वर्षानुवर्षांनी तयार होतात. ती पेशींमधून वेगळी करून प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर बनवता येतात. तुमच्या कामात येतील ती नावे साधारण अशी:

व्हीआरसी०१ आणि त्याचे जास्त ताकदीचे भावंड व्हीआरसी०७-५२३ ही, पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी४ या ग्राहक-प्रथिनाला विषाणूच्या आवरणावरची जी जागा चिकटते, ती जागा पकडतात. पीजीटी१२१ आणि १०-१०७४ ही आवरणाच्या व्ही३ या भागाजवळच्या शर्करा-साखळीला धरतात. सीएपी२५६ हे आवरणाच्या व्ही२ या टोकाला बसते आणि एचआयव्हीच्या सी उपप्रकाराविरुद्ध विशेष प्रभावी आहे. १०ई८ हे आवरणाच्या, विषाणूच्या पटलालगतच्या भागाला पकडते.

निवडताना कागदावरचा एक आकडा बघायचा असतो: आयसी८०. म्हणजे प्रयोगशाळेत विषाणूची ८० टक्के लागण रोखायला प्रति मिलिलिटर किती मायक्रोग्रॅम प्रतिपिंड लागते. ही मोजणी बहुधा टीझेडएम-बीएल या पेशींवर होते. विषाणू पेशीत शिरला की त्या प्रकाश देतात, आणि प्रकाश जितका कमी तितके प्रतिपिंड यशस्वी. नवे लोक सहसा आयसी५० पाहून खूश होतात. या कामात तो आकडा फसवा आहे, कारण काही प्रतिपिंडे अर्धा विषाणू सहज रोखतात आणि उरलेल्यापैकी काही भाग कितीही मात्रा वाढवली तरी सुटतो. बाळाला लागण व्हायला तो सुटलेला भाग पुरेसा आहे.

प्रौढांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांनी हे स्पष्ट दाखवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचण्यांत व्हीआरसी०१ दर ८ आठवड्यांनी शिरेतून दिले गेले. एकूण लागणींमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. पण ज्या विषाणूंचा आयसी८० १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी होता, त्यांच्याविरुद्ध बचाव सुमारे ७५ टक्के होता. पुढच्या विश्लेषणातून एक उपयोगी मापदंड निघाला: ९० टक्के बचाव हवा असेल तर रक्तातली पातळी आयसी८०च्या सुमारे २०० पट हवी. हिशेब करून पाहा. आयसी८० ०.५ मायक्रोग्रॅम असेल तर रक्तात १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पातळी लागेल. आयसी८० २ असेल तर ४००. पहिली पातळी त्वचेखालच्या एका सुईने गाठणे शक्य आहे, दुसरी टिकवणे जवळजवळ अशक्य. हा आकडा प्रौढांच्या लैंगिक संक्रमणावरून आलेला आहे, बाळांना तो जसाच्या तसा लागू होईल असे गृहीत धरू नका. पण आराखडा तपासताना हाताशी असावा असा दुसरा मापदंड आज नाही.

एकट्या प्रतिपिंडावर भिस्त ठेवू नये, हे यातूनच येते. वेगवेगळ्या जागा पकडणारी किमान दोन हवीत. आणि तुमच्या भागात कोणता उपप्रकार फिरतो ते आधी विचारा. उदाहरणार्थ, १०-१०७४ ज्या शर्करेला धरते ती एचआयव्हीच्या सीआरएफ०१_एई या प्रकारात बहुधा त्या जागी नसतेच. तिथे हे प्रतिपिंड नेऊन काही साधणार नाही.

पायरी ३: वेळेचा हिशेब समजून घ्या

या विषयातले सगळ्यांत मोलाचे धडे माकडांच्या पिल्लांकडून आले आहेत. म्हणून तिथली एक अडचण आधी: एचआयव्ही रीसस माकडात टिकत नाही, आणि माकडांच्या एसआयव्हीचे आवरण आपली मानवी प्रतिपिंडे ओळखत नाहीत. त्यामुळे एसआयव्हीच्या गाभ्यावर एचआयव्हीचे आवरण चढवलेला संकरित विषाणू वापरावा लागतो, त्याला एसएचआयव्ही म्हणतात. संशोधन लेख वाचताना विषाणू कोणता ते पहिल्यांदा पाहा. एसआयव्हीवरचे निष्कर्ष एचआयव्ही-प्रतिपिंडांना लावले की गोंधळ ठरलेला.

२००० साली तीन मानवी प्रतिपिंडांच्या मिश्रणाने नवजात माकडांचा तोंडावाटे दिलेल्या एसएचआयव्हीपासून बचाव होतो हे दिसले. मात्र तिथे प्रतिपिंड विषाणूच्या आधीपासून शरीरात होते. खऱ्या प्रसूतीत बहुधा उलटे असते: विषाणू आधी, सुई नंतर. २०१६ साली अमेरिकेतील ओरेगॉनच्या प्रायमेट केंद्रातील चमूने हाच क्रम तपासला. महिनाभराच्या पिल्लांना तोंडावाटे विषाणू दिला आणि २४ तासांनी पीजीटी१२१ व व्हीआरसी०७-५२३ हे मिश्रण त्वचेखाली दिले. मग चौथ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी पुन्हा. उपचार न केलेल्या पिल्लांच्या ऊतींमध्ये पहिल्याच दिवशी ठिकठिकाणी विषाणू सापडला. म्हणजे २४ तासांत तो तोंड-घशापुरता राहिलेला नसतो, आत पसरलेला असतो. तरीही प्रतिपिंड मिळालेल्या पिल्लांत ही सुरुवातीची केंद्रे विझली आणि सहा महिन्यांनंतरही विषाणू मिळाला नाही. विषाणूला दाबून ठेवणाऱ्या सीडी८ पेशी मुद्दाम कमी करून पाहिल्या, तेव्हाही तो उसळला नाही.

२०२० मध्ये याच धाग्यावर पुढचा प्रयोग झाला. ३० तासांनी दिलेला एकच डोस सर्व पिल्लांच्या रक्तातून विषाणू दूर ठेवायला पुरला. पण प्रतिपिंड ४८ तासांनी सुरू केले तेव्हा विषाणू घट्ट आटोक्यात राहिला तो निम्म्याच पिल्लांत. त्याच ४८ तासांच्या टप्प्यावर तीन औषधांचा २१ दिवसांचा कोर्स मात्र सगळ्यांत यशस्वी झाला.

३० आणि ४८ या दोन आकड्यांमध्ये या कामाचा सारा निकड-भाव आहे. प्रतिपिंड मोकळ्या विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू देत नाही. शिवाय त्याचे शेपूट नैसर्गिक मारक पेशींना बोलावते आणि नुकत्याच लागण झालेल्या, आवरणाची प्रथिने पृष्ठभागावर दाखवणाऱ्या पेशी मारवते. पण ज्या पेशीत विषाणूची प्रत जनुकांत जाऊन शांत बसली आहे, ती पेशी बाहेरून निरोगी दिसते. तिथे प्रतिपिंडाला पकडायला काहीच नसते. जितका उशीर, तितक्या अशा पेशी जास्त. आणि उशीर झालाच, तर औषधांचा आधार किती महत्त्वाचा असतो तेही याच प्रयोगाने दाखवले आहे.

पायरी ४: मात्रा

व्हीआरसी०१ हे नवजात बाळांत वापरले गेलेले पहिले व्यापक निष्प्रभक प्रतिपिंड. अमेरिका आणि आफ्रिकेतील केंद्रांवर झालेल्या त्या चाचणीत बाळांना त्वचेखाली २० किंवा ४० मिलिग्रॅम प्रति किलो दिले गेले. अंगावर पिणाऱ्या बाळांना पहिला डोस ४० मिलिग्रॅम प्रति किलो आणि मग दर महिन्याला २०. महिनाभर पातळी ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर राहावी हा हेतू होता, आणि त्यासाठी ४० मिलिग्रॅमचा डोस जास्त योग्य ठरला.

दर महिन्याला सुई हे कुठल्याही आईसाठी आणि आरोग्य केंद्रासाठी जड काम. म्हणून एलएस प्रकार आले. प्रतिपिंडाच्या शेपटीत दोनच अमिनो आम्ले बदलली की ते पेशींतल्या एफसीआरएन या ग्राहकाला अधिक घट्ट धरते, मोडीत निघण्याऐवजी पुन्हा रक्तात सोडले जाते आणि जास्त काळ टिकते. प्रौढांमध्ये व्हीआरसी०१चे अर्धायुष्य (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) सुमारे १५ दिवस, तर व्हीआरसी०१-एलएसचे सुमारे ७१ दिवस. बाळांच्या चाचणीत एलएस प्रकार वजनगटानुसार ठरावीक मात्रेत दिला गेला: जन्मवजन ४.५ किलोच्या खाली असेल तर ८० मिलिग्रॅम, ४.५ किंवा जास्त असेल तर १०० मिलिग्रॅम, आणि अंगावर पिणाऱ्या बाळांना १२ आठवड्यांनी आणखी १०० मिलिग्रॅम.

ठरावीक मात्रेमुळे हिशेबाच्या चुका टळतात, पण तिचा अर्थ समजून घ्या. २ किलोच्या बाळाला ८० मिलिग्रॅम म्हणजे ४० मिलिग्रॅम प्रति किलो, ४.४ किलोच्या बाळाला तेच १८ मिलिग्रॅम प्रति किलो. म्हणजे मोठ्या बाळाचे संरक्षण आधी उतरणार. श्वसनविकाराच्या आरएसव्ही विषाणूविरुद्धच्या निरसेव्हिमॅबची मात्राही याच धर्तीची आहे: ५ किलोखाली ५० मिलिग्रॅम, वर १००. नवजात बाळाला एका सुईने महिनोन्‌महिने संरक्षण देता येते हे त्या प्रतिपिंडाने नेहमीच्या वापरात दाखवून दिले आहे.

प्रौढांत न भेटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वाढ. ३ किलोचे बाळ १२ आठवड्यांत साधारण साडेपाच-सहा किलोचे होते. प्रतिपिंडाचा एकही रेणू नष्ट झाला नाही असे मानले तरी केवळ शरीर वाढल्याने पातळी निम्म्यावर येते, आणि प्रत्यक्षात नाश होतच असतो. म्हणून प्रौढांचे अर्धायुष्य घेऊन बाळाच्या पुढच्या डोसची तारीख काढू नका.

मिलिग्रॅम प्रति किलो पद्धत असेल तर हिशेब असा: बाळाचे त्याच दिवशीचे वजन २.९ किलो, मात्रा ४० मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ११६ मिलिग्रॅम. कुपीत १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण असेल तर १.१६ मिलिलिटर. कुपीवरची तीव्रता दर वेळी वाचा. दोन वेगळ्या प्रतिपिंडांच्या कुप्या दिसायला सारख्या आणि तीव्रतेने वेगळ्या असू शकतात. वजनाबाबतही सावध राहा. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन ७ ते १० टक्के उतरू शकते. आराखडा जन्मवजन म्हणतो की त्या दिवशीचे, हे पाहून तेच लिहा, आणि दोघांनी स्वतंत्र हिशेब करून आकडे जुळल्याशिवाय सिरिंज भरू नका.

पायरी ५: बाळ जन्मण्याआधीची तयारी

इथे सगळ्यात जास्त तास वाया जातात. कळा सुरू झालेल्या बाईला पाच पानांचे संमतिपत्र वाचून दाखवणे ही संमती नव्हे. शक्य तिथे सातव्या-आठव्या महिन्यातच बोलणे सुरू करा. काय देणार, ते अजून अभ्यासाखाली आहे, नाही म्हटले तरी बाळाच्या नेहमीच्या उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही, रक्त किती वेळा घेणार, हे सगळे तिच्या भाषेत सांगा आणि तिच्याकडून परत ऐका. तिची लागण घरात कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही, हे तिलाच विचारा. फोन कोणी उचलला तर काय बोलायचे, घरी भेट द्यायची की नाही, हे तिच्या शब्दांत नोंदवून ठेवा. गुपित फुटले तर ती परत येणार नाही, आणि बाळाचा पुढचा डोस चुकेल.

ज्यांची लागण प्रसूतीगृहातच कळते, त्यांच्यासाठी वेगळी तयारी लागते, कारण प्रतिपिंडाची सर्वांत जास्त गरज त्यांच्याच बाळांना असते. रात्रपाळीत संमती घेऊ शकणारी प्रशिक्षित व्यक्ती आहे का? औषधालयाच्या फ्रिजची किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे असते? या दोन प्रश्नांची उत्तरे नावानिशी फळ्यावर लिहिलेली हवीत.

पायरी ६: जन्मानंतरचे पहिले तास

आधी बाळाचे नेहमीचे प्रतिबंधक औषध. ते शक्यतो पहिल्या ६ तासांत जावे. प्रतिपिंडाच्या कागदपत्रांसाठी ते अडवून ठेवणे ही गंभीर चूक आहे.

मग रक्ताचा पहिला नमुना, न्यूक्लिक आम्ल चाचणीसाठी (ती थेट विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते), शक्यतो प्रतिपिंड देण्याआधी आणि जन्मानंतर ४८ तासांच्या आत. हा नमुना पॉझिटिव्ह आला तर लागण गर्भातली आहे असे धरले जाते. तो घेतलाच नाही, तर सहा आठवड्यांनी आलेला पॉझिटिव्ह निकाल प्रतिपिंडाचे अपयश की आधीचीच लागण, हे कधीच सांगता येणार नाही. नमुना बाळाच्या टाचेतून किंवा शिरेतून घ्या. नाळेतले रक्त नको. त्यात आईचे रक्त मिसळू शकते. निकालाची वाट पाहत डोस मात्र थांबवायचा नाही.

आता सुई. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार द्रावण दाट असते, ढकलायला जड जाते आणि बाळाला जास्त दुखते. लवकर व्हावे म्हणून कुपी गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका. प्रथिनाला फेस आला की त्याचे गोळे होतात. उजेडासमोर धरा. किंचित दुधाळ झाक चालते, तरंगणारे कण चालत नाहीत.

सुई आणि सिरिंज कमी मृत जागेची निवडा. साध्या सुईच्या बुडाशी ०.०५ ते ०.१ मिलिलिटर द्रावण अडकून राहते. प्रौढाच्या डोसमध्ये ते कोणाच्या लक्षातही येत नाही; १.१६ मिलिलिटरमध्ये ते ४ ते ९ टक्के होते. महिन्याभराने पातळी अपेक्षेपेक्षा कमी निघते तेव्हा याचाही विचार करायला हवा.

जागा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूची. कातडीची घडी चिमटीत उचला, बारीक सुई तिरपी घाला आणि सावकाश ढकला. घाई केली की द्रावण सुईच्या भोकातून परत बाहेर येते. एका जागी मावेल तेवढेच द्या. एक मिलिलिटरच्या वर जात असेल तर आराखड्याप्रमाणे दोन्ही मांड्यांत विभागा. हिपॅटायटिस-बी लस त्याच दिवशी असेल तर ती वेगळ्या मांडीत, आणि कोणत्या मांडीत काय दिले ते लिहून ठेवा. नाहीतर लाली कशामुळे आली हे सांगता येणार नाही.

सुईच्या जागी लाली, थोडी सूज किंवा कडकपणा येणे नेहमीचे आहे. ते बहुतेक सौम्य असते आणि आपोआप उतरते. कडा पेनाने आखून ठेवल्या तर वाढते की कमी होते ते पुढच्या पाळीतल्या परिचारिकेला नेमके कळते. आईला हे आधीच दाखवा. न सांगता आलेली सूज तिला घाबरवते, आणि त्या रात्री ती एकटी असते. अंगभर पुरळ, श्वासाचा त्रास, दूध ओढेनासे होणे, ताप किंवा सुस्ती यांवर मात्र लगेच डॉक्टरांना बोलवा.

त्वचेखालून प्रतिपिंड रक्तात पोहोचायला वेळ लागतो, आणि सर्वोच्च पातळी गाठायला एक ते काही दिवस जातात. पहिल्या तासांची ही पोकळी औषधे भरून काढतात. काही जण विचारतात, मग प्रतिपिंड तोंडावाटे का देऊ नये? माणसाच्या बाळाचे आतडे ते रक्तात फारसे शोषून घेत नाही, म्हणून.

पायरी ७: पातळी मोजणे

३ किलोच्या बाळात एकूण रक्त सुमारे २५० मिलिलिटर. एका दिवसात त्याच्या १ ते ५ टक्क्यांच्या आतच राहायचे असते, आणि अशक्त किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळात खालच्या टोकाला. अडीच मिलिलिटर म्हणजे १ टक्का. त्यामुळे प्रत्येक नळीचा हेतू ठरलेला हवा: एचआयव्ही चाचणी, प्रतिपिंडाची पातळी, हिमोग्लोबिन. झिडोव्हुडीनवर असलेल्या बाळात रक्तक्षय होऊ शकतो. त्यात नमुन्यांची भर घालू नका.

पातळीसाठी पहिला आठवडा, चौथा आठवडा आणि पुढच्या डोसच्या लगेच आधीचा नमुना हे सर्वांत जास्त सांगून जातात. शेवटचा तर चुकवूच नका. संरक्षण तळाला कुठे पोहोचले होते ते तोच दाखवतो. नमुना डोसनंतर घेतला आणि नोंद आधीची केली, की पूर्ण आलेख खोटा होतो. म्हणून नळीवर तास-मिनिटे लिहा, नुसती तारीख नको.

पायरी ८: लागण झाली की नाही हे तपासणे

साध्या एचआयव्ही चाचण्या प्रतिपिंडे शोधतात. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, आणि आता तर आपणही एक टोचले आहे. तेव्हा या वयात विषाणूची न्यूक्लिक आम्ल चाचणीच करायची: जन्मताना, ४ ते ६ आठवड्यांनी, आणि पुढे आराखड्यातल्या टप्प्यांवर, स्तनपान पूर्ण थांबल्यानंतरच्या चाचणीपर्यंत.

एक निगेटिव्ह निकाल आला म्हणून घरी आनंद होतो, तो स्वाभाविक आहे. पण औषधे आणि प्रतिपिंड दोन्ही विषाणूला चाचणीच्या मर्यादेखाली दाबून ठेवू शकतात. एलएस प्रकार दिला असेल तर प्रतिपिंड ओसरल्यावरही चाचणी करावी लागते. आईला हे पहिल्याच भेटीत सांगितलेले असेल तर शेवटच्या चाचणीला ती येते.

लसीकरण नेहमीच्या वेळापत्रकानेच चालू ठेवा. रक्तापासून बनवलेल्या मिश्र इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवरासारख्या जिवंत लसी पुढे ढकलाव्या लागतात. ही प्रतिपिंडे फक्त एचआयव्हीचे आवरण ओळखतात, त्यामुळे तसे कारण इथे नाही.

काय काय बिघडते

डोस उशिरा जातो, हे सर्वांत वारंवार. कारण बहुधा वैद्यकीय नसते: संमती, किल्ली, सुट्टीचा दिवस. जन्मवेळ आणि डोसची वेळ यांतले अंतर प्रत्येक बाळासाठी तासांत लिहा आणि दर महिन्याला चमूसमोर ठेवा.

दुसरा डोस चुकतो. १२ आठवड्यांची तारीख लसीकरणाच्या फेरीपासून दूर असेल तर आई येत नाही. आराखडा परवानगी देत असेल तिथवर ती लसीच्या भेटीला जोडा.

शीतसाखळी तुटते. वीज गेली होती की नाही हे आठवणीवर सोडू नका, तापमान नोंदवणारे यंत्र फ्रिजमध्ये ठेवा. गोठलेली कुपी वितळल्यावर स्वच्छ दिसली तरी आराखड्यात विचारल्याशिवाय वापरू नका.

आणि विषाणूच प्रतिपिंडाला दाद देत नाही. आईच्या विषाणूची संवेदनशीलता डोसआधी तपासायला वेळ नसतो, निकाल यायला आठवडे लागतात. आईचा नमुना मात्र प्रसूतीच्या वेळीच गोठवून ठेवा. बोट्स्वानात अगदी लहानपणी औषधे सुरू झालेल्या मुलांना काही काळ औषधांऐवजी फक्त व्हीआरसी०१-एलएस आणि १०-१०७४ देऊन पाहिले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार २५ पैकी ११ मुलांत विषाणू २४ आठवडे दबलेला राहिला, बाकीच्यांत उसळला. तो उपचाराचा प्रयोग होता, प्रतिबंधाचा नव्हे. पण तीच दोन प्रतिपिंडे घेऊन मुलामुलांत इतका फरक पडतो, हे बाळाच्या आईशी बोलताना लक्षात असू द्या. खात्री देऊ नका.

एखाद्या बाळाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याच दिवशी दुसरा नमुना पाठवा आणि त्याचा निकाल येण्याची वाट न पाहता पूर्ण उपचार सुरू करा. पहिल्या पॉझिटिव्ह नमुन्याचा उरलेला भाग टाकू नका. त्यातल्या विषाणूच्या आवरणाची जनुकीय रचना आईच्या गोठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहिली की तो विषाणू आधीपासूनच दाद न देणारा होता, की पातळी उतरल्यावर शिरला, हे कळते. प्रतिपिंडाच्या पातळीचा त्याच दिवशीचा नमुना जोडीला असेल तरच हे उत्तर पूर्ण होते, म्हणून तिन्ही नळ्यांवर एकच क्रमांक टाका आणि एकाच खोक्यात गोठवा.